राग जेटवर, घाव विचिटावर

१९ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मोटारउद्योगाचे तीन कर्तेधर्ते वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या वित्तसेवा समितीपुढे हजर झाले. जनरल मोटर्सचे रिक वॅगनर, फोर्डचे ॲलन मुलाली आणि क्रायसलरचे रॉबर्ट नार्डेली. मंदीनं कंपन्यांची तिजोरी रिकामी होत आली होती. सरकारनं २५ अब्ज डॉलरचा आधार द्यावा, नाहीतर हा उद्योग कोसळेल आणि असंख्य नोकऱ्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. मागणी गंभीर होती आणि भीतीही खरी होती. पण ही मंडळी डेट्रॉइटहून आली होती ती आपापल्या कंपनीच्या जेट विमानानं, प्रत्येक जण वेगळ्या.

न्यूयॉर्कचे प्रतिनिधी गॅरी ॲकरमन यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. खासगी जेटमधून उतरायचं आणि हातात कटोरा धरायचा, हे म्हणजे गरिबांच्या अन्नछत्राबाहेर कुणी उंची कपडे आणि साहेबी टोपी घालून रांग लावावी तसं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. कॅलिफोर्नियाचे ब्रॅड शर्मन यांनी तर हात वर करायला सांगितले. नेहमीच्या प्रवासी विमानानं कोण आलं? एकही हात वर गेला नाही. जेट विकून टाकून प्रवासी विमानानं परत जायला कोण तयार आहे? पुन्हा शांतता. जीएमच्या विमानाच्या या फेरीचा खर्च वीसेक हजार डॉलर होतो, असा हिशेब टीव्हीवर मांडला गेला. साधं तिकीट काही शे डॉलरला मिळत होतं. घर वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या सामान्य अमेरिकी माणसाला चीड आणायला एवढं पुरेसं होतं.

पुढच्या सुनावणीला, डिसेंबरच्या सुरुवातीला, तिघंही डेट्रॉइटपासून मोटारीनं आले, तेही हायब्रीड गाड्यांतून. फोर्डनं आपली पाचही विमानं विकायला काढली. जीएमनं आपला विमानविभाग गुंडाळायला घेतला. डिसेंबरात बुश सरकारनं जीएम आणि क्रायसलरला कर्ज मंजूर केलं, तेव्हा विमानं काढून टाकण्याची अटही त्यात होती.

मग लोण पसरलं. सिटीग्रुप या बँकेला सरकारनं ४५ अब्ज डॉलर दिले होते. तिनं पूर्वीच मागवलेलं सुमारे पाच कोटी डॉलरचं नवं फाल्कन ७एक्स जेट आता ताब्यात येणार, अशी बातमी जानेवारी २००९मध्ये फुटली आणि ओबामा सरकारच्या अर्थखात्यातून फोन गेल्यावर बँकेनं ते घेण्याचा बेत सोडला. स्टारबक्सनं नवंकोरं गल्फस्ट्रीम ५५० विकायला काढलं. सरकारी मदत घेणाऱ्या कंपन्यांनी चैनीच्या खर्चावर धोरण ठरवलंच पाहिजे, असा कायदा फेब्रुवारीत झाला. त्यात विमानप्रवासाचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच महिन्यात संसदेपुढच्या भाषणात, करदात्याच्या पैशावर खासगी जेटमधून पसार होण्याचे दिवस संपले, असं ओबामांनी बजावलं. ज्या कंपन्यांनी सरकारकडून छदामही घेतला नव्हता, त्याही आता घाबरल्या. भागधारकांच्या सभेत कुणी प्रश्न विचारला तर? कर्मचारी कमी करायचे आणि नवं जेट घ्यायचं, हे दिसायला कसं दिसेल? अशा विचारानं कुठं मागणी पुढं ढकलली गेली, कुठं रद्द झाली.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. बातम्यांत गाजली ती विमानं कुणाची होती? जीएमचं आणि स्टारबक्सचं विमान गल्फस्ट्रीम कंपनीचं, म्हणजे जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात बनणारं. सिटीग्रुपचं फाल्कन फ्रान्सच्या दासो कंपनीचं; त्याची जुळणी बोर्दोजवळ होते आणि आतली सजावट आर्कान्सामधल्या लिटल रॉकला. ही सगळी मोठी, समुद्र ओलांडणारी, कोट्यवधी डॉलरची जेट. पण वड्याचं तेल निघालं ते वांग्यावर. सगळ्यात जबर फटका बसला तो लहान आणि मध्यम आकाराची जेट बनवणाऱ्या विचिटा शहराला.

कॅन्सस राज्यातलं विचिटा हे गव्हाच्या सपाट शेतांमधलं चारेक लाख वस्तीचं शहर. त्याला जगाची विमान-राजधानी म्हणतात आणि हे बिरुद उगाच मिळालेलं नाही. क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन या तिघांनी १९२५मध्ये इथं ‘ट्रॅव्हल एअर’ ही कंपनी काढली. तेलातून आलेला पैसा शहरात होता आणि जमीन इतकी सपाट की कुठंही विमान उतरवावं. पुढं तिघांनीही आपापल्या नावाच्या कंपन्या काढल्या. साठच्या दशकात बिल लिअर इथं आले आणि ७ ऑक्टोबर १९६३ला त्यांच्या लिअरजेटनं विचिटातून पहिलं उड्डाण केलं. सेसनाचं सायटेशन जेट १९६९मध्ये उडालं. सेसना, बीचक्राफ्ट, लिअरजेट आणि बोइंगच्या जुन्या कारखान्यातून उभी राहिलेली स्पिरिट एअरोसिस्टिम्स या चौघांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालायचा. आजोबा, मुलगा, नातसून एकाच कारखान्यात, अशी घरं तिथं नवलाची नाहीत.

या कारखान्यांत काम कसं चालतं, हे जवळून पाहिलं तर ‘श्रीमंतांचं खेळणं’ या शब्दांत काय काय झाकलं जातं ते कळतं. विमानाचा धातूचा सांगाडा म्हणजे पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे हजारो रिव्हेट. एक रिव्हेट बसवायला बऱ्याचदा दोन माणसं लागतात. बाहेरच्या बाजूला एक जण हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन घेऊन उभा असतो. दुसरा आत, अंग चोरून, रिव्हेटच्या शेपटाला बकिंग बार नावाचा जड ठोकळा टेकवून बसतो. मध्ये पत्रा असल्यानं एकमेकांचा चेहरा दिसत नाही आणि आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून पत्र्यावर टकटक करून बोलायचं. पूर्वापार चालत आलेली खूण अशी : एक टक म्हणजे अजून ठोक, दोन म्हणजे नीट बसला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. शेपूट जरा जास्त दबलं किंवा तिरकं झालं तरी तो रिव्हेट तपासनीस पास करत नाही, कारण उद्या आभाळात केबिनमधल्या हवेचा दाब त्याच जोडावर येणार असतो. अशी जोडी जमायला महिने लागतात आणि हात बसायला वर्षं. कपातीची चिठ्ठी मात्र एका शुक्रवारी देता येते.

आणि हा रोजगार विचिटापुरताच नाही. इंजिनं कॅनडातून, ॲरिझोनातून, मिशिगनमधून येतात. कॉकपिटमधले पडदे बऱ्याचदा कॅन्ससमधल्याच ओलेथ शहरातल्या गार्मिन कंपनीचे असतात. खुर्च्यांचं चामडं शिवणारे, लाकडी कपाटं घडवणारे, वायरिंगचे जुडगे बांधणारे, रंगारी असे कितीतरी हात एका विमानाला लागतात. विमान विकलं गेल्यावर त्याच्याभोवती वैमानिक, देखभालीचे मेकॅनिक, उड्डाणांचं वेळापत्रक सांभाळणारे आणि लहान विमानतळावर पहाटे इंधनाचा टँकर घेऊन उभे राहणारे कर्मचारी अशी दुसरी साखळी जगते. जीएमनं विमानविभाग मोडला तेव्हा अडचणीत आली ती हीच माणसं. त्यांच्यातलं कुणी समितीपुढे बसलेलं नव्हतं.

आता आकडे पाहू. २००८मध्ये जगभरात १,३००हून अधिक बिझनेस जेट ग्राहकांच्या हाती गेली होती. २००९मध्ये हा आकडा ८७०च्या आसपास आला आणि २०१०मध्ये आणखी शंभरानं खाली. सेसनाची घसरण याहून तीव्र होती. २००८मध्ये ४६७ सायटेशन, २००९मध्ये २८९, २०१०मध्ये १७९. सेसनानं ‘कोलंबस’ नावाचं आपलं आजवरचं सगळ्यात मोठं जेट आखलं होतं, त्यासाठी विचिटात नवा कारखाना व्हायचा होता. एप्रिल २००९मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला आणि जुलैत कायमचा रद्द झाला. ओरेगॉनमधल्या बेंड गावचा कारखाना बंद झाला. दोनेक वर्षांत सेसनाची कामगारसंख्या जवळपास निम्म्यावर आली. विचिटात एका घरातला नवरा सेसनात आणि बायको बीचक्राफ्टमध्ये असेल, तर दोघांचीही कमाई एकाच हिवाळ्यात थांबण्याची भीती होती.

या सगळ्याचं खापर टीकेवर फोडणं मात्र खरं ठरणार नाही. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि कर्जाचा ओघच आटला. जेट बऱ्याचदा कर्जावर घेतली जातात. कंपन्यांचा नफा घटला, जुनी विमानं धडाधड विक्रीला आली. एका टप्प्यावर जगातल्या साधारण दर सहा बिझनेस जेटांपैकी एक विक्रीला होतं. बाजारात अशी रेलचेल असताना नवं कोण घेणार? मंदी हाच मुख्य आजार होता. टीकेनं केलं ते इतकंच की ज्या कंपनीला विमान खरोखर परवडत होतं आणि उपयोगीही होतं, तिलाही ते घेण्याची लाज वाटू लागली. किती नोकऱ्या मंदीनं गेल्या आणि किती लाजेनं, हे वेगळं काढता येत नाही. उद्योगवाले सगळा दोष राजकारण्यांना देतात, तेव्हा ते मंदीला सोयीस्करपणे मागे ठेवतात.

मग लहान जेटांनाच जास्त झळ का? मोठी जेट घेणारे गिऱ्हाईक चीन, रशिया, आखाती देश अशा ठिकाणी पसरलेले होते. त्यांना अमेरिकी संसदेतल्या प्रश्नोत्तरांशी देणंघेणं नव्हतं आणि त्यांच्यापैकी अनेकांना बँकेच्या कर्जाची गरजही नव्हती. लहान-मध्यम जेटचा ग्राहक म्हणजे मुख्यतः अमेरिकेतल्याच मध्यम कंपन्या, कंत्राटदार, छोट्या गावातले कारखानदार. अमेरिकेत नियमित विमानसेवा साधारण पाचशे विमानतळांना मिळते, लहान विमानं मात्र हजारो धावपट्ट्यांवर उतरू शकतात. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन स्वतः विमान चालवत आणि नव्या दुकानासाठी जागा वरून हेरत. आर्कान्सातल्या बेंटनव्हिलसारख्या आडगावी मुख्यालय ठेवून देशभर दुकानं चालवायची, तर विमान ही निव्वळ चैन राहत नाही. टीकेच्या वादळात गरज आणि चैन यांच्यातला हा फरक वाहून गेला.

असं होण्याची अमेरिकेची ही पहिली वेळही नव्हती. १९९०च्या अर्थसंकल्पी कायद्यानं महागड्या बोटी, विमानं, गाड्या, दागिने आणि फरचे कोट यांवर १० टक्के चैनकर बसवला. विमानांसाठी मर्यादा होती अडीच लाख डॉलर. श्रीमंतांकडून चार पैसे जास्त घ्यावेत, या हेतूत काही वावगं नव्हतं. पण श्रीमंतांना बोट घ्यायलाच हवी असं नसतं. ते थांबले, आणि बोटी बनवणाऱ्या सुतारांना थांबणं परवडणारं नव्हतं. संसदेच्या संयुक्त आर्थिक समितीच्या अंदाजानुसार बोटउद्योगात ७,६०० आणि विमानउद्योगात १,४७० नोकऱ्या गेल्या. तेव्हाही मंदी होतीच, त्यामुळे हा अंदाज वादातीत नाही. तरी १९९३मध्ये गाड्यांचा अपवाद सोडून बाकी चैनकर मागे घेण्यात आला.

२००९च्या फेब्रुवारीत विमानउद्योगाच्या संघटनांनी ‘नो प्लेन, नो गेन’ नावाची मोहीम नव्यानं सुरू केली. प्रवासी कंपन्या आणि लष्कर वगळता बाकीच्या विमान-उद्योगावर बारा लाख लोकांचा रोजगार अवलंबून आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. २९ जून २०११च्या पत्रकार परिषदेत ओबामांनी कॉर्पोरेट जेटच्या करसवलतीचा पुन्हापुन्हा उल्लेख केला, तेव्हा विचिटा पुन्हा अस्वस्थ झालं. यंत्रकामगारांची संघटना आयएएम ही एरवी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूची, पण तिच्या नेत्यांनीही या भाषेवर जाहीर नाराजी दाखवली. मुद्दा काय होता? कंपनीच्या जेटचा घसारा पाच वर्षांत वजा करता येतो, प्रवासी विमानाचा सात वर्षांत. हा फरक काढला तर दहा वर्षांत सरकारला तीनेक अब्ज डॉलर मिळाले असते. तेव्हा ओबामा आणि संसद यांच्यात वाटाघाटी चालल्या होत्या त्या काही लाख कोटी डॉलरच्या तुटीवर. शिवाय २०१० सालच्या अखेरीस ओबामांनीच सही केलेल्या कायद्यानं नव्या यंत्रसामग्रीची, अर्थात जेटचीही, पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करायची मुभा दिली होती. एका हातानं सवलत, दुसऱ्या हातानं शरम, अशा कारभारात कारखान्यातल्या माणसानं कशावर विसंबावं?

कामगारांचा कळवळा दाखवणारे मालक तरी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले का? हॉकर बीचक्राफ्टची, म्हणजे विचिटातल्याच त्या बीचक्राफ्टची, गोष्ट यासाठी मुळातून कळायला हवी. २००७मध्ये गोल्डमन सॅक्स आणि ओनेक्स या गुंतवणूकदार कंपन्यांनी ही कंपनी ३.३ अब्ज डॉलरला घेतली, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्या कर्जाचा बोजा कंपनीच्याच डोक्यावर ठेवला. मागणी कोसळली तेव्हा हे कर्ज फिटणं अशक्य झालं. कारखाना लुइझियानात नेण्याची चर्चा सुरू झाल्यावर २०१०च्या डिसेंबरात कॅन्सस राज्यानं कंपनी विचिटात राहावी म्हणून कोट्यवधी डॉलरचं सवलतींचं गाठोडं दिलं. तरी मे २०१२मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीत असतानाच आठ वरिष्ठ अधिकाऱ्यांना ५३ लाख डॉलरपर्यंत बोनस द्यायचा प्रस्ताव कंपनीनं न्यायालयात मांडला. आयएएमनं विरोध केला आणि न्यायाधीशांनी तो फेटाळला. कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली ती हॉकर जेटचं उत्पादन कायमचं सोडूनच. विचिटातल्या या नोकऱ्या ओबामांच्या भाषणानं गेल्या, असं म्हणणं म्हणजे कर्जाचा डोंगर रचणाऱ्यांना मोकळं सोडणं आहे.

टीका करूच नये का? करावी, जरूर करावी, पण नेम नीट धरावा. न्यूयॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड यरमॅक यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळीच गोष्ट दाखवली. ज्या कंपन्यांचे प्रमुख कंपनीचं विमान खासगी कामासाठी वापरतात, त्यांचे शेअर बाजाराच्या तुलनेत वर्षाला चार टक्क्यांहून अधिक मागे पडतात. विमान असणं हा दोष नव्हता. गोल्फला, सुट्टीच्या घराला ते भागधारकांच्या खर्चानं नेणं हा होता. जनरल इलेक्ट्रिकचे जेफ इमेल्ट यांच्या विमानामागं कधीकधी दुसरं रिकामं विमान राखीव म्हणून उडायचं, हे २०१७मध्ये उघड झालं. त्या टीकेचा नेम अचूक होता. नव्या प्रमुखांनी कंपनीची विमानसेवा बंद केली. वापराचा तपशील जाहीर करा, खासगी फेरीचे पैसे साहेबांच्या खिशातून घ्या, घसाऱ्याचे नियम प्रवासी विमानांइतकेच ठेवा, या मागण्यांमुळे कारखान्यातल्या कुणाची कामाची पाळी चुकत नाही. ‘जेट म्हणजे पाप’ असं वातावरण केलं की ती चुकते.

हल्ली टीकेचा रोख हवामानाकडं वळला आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०२३मध्ये खासगी विमानांनी सुमारे १.५६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. २०१९च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के. कितीतरी फेऱ्या तर मोटारीनं किंवा रेल्वेनं सहज करता येतील इतक्या छोट्या असतात. हे थांबायला हवं. मात्र कमी उड्डाणं म्हणजे कमी कारखाने, हेही मान्य करून त्या कारखान्यांतल्या हातांना पुढं कोणतं काम द्यायचं, हे त्याच वेळी ठरायला हवं. लिअरजेटचं उत्पादन तिची मालक कंपनी बाँबार्डिएनं थांबवलं आणि शेवटचं लिअरजेट मार्च २०२२मध्ये ग्राहकाकडं गेलं. विचिटाचा कारखाना दुरुस्ती आणि संरक्षणाच्या कामावर टिकला. म्हणजे दुसरी वाट काढता येते, ती आधीपासून काढावी लागते एवढंच.

करोनानंतर बिझनेस जेटची मागणी पुन्हा चढली. सेसना आणि बीचक्राफ्ट आता टेक्स्ट्रॉन या कंपनीच्या एकाच छत्राखाली आहेत. सप्टेंबर २०२४मध्ये तिथले सुमारे पाच हजार कामगार संपावर गेले. चांगल्या दिवसांत कमाई कंपनीची आणि वाईट दिवसांत कपात कामगाराची, हे त्यांना आता मान्य नव्हतं. चार आठवड्यांनी, पाच वर्षांत ३१ टक्के पगारवाढ घेऊन ते कामावर परतले.

हा विषय आता महाराष्ट्रापासूनही दूर राहिलेला नाही. नागपूरच्या मिहानमध्ये दासो-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० जेटचे भाग काही वर्षांपासून बनत आहेत. जून २०२५मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात जाहीर झाल्याप्रमाणे हे अख्खं विमानच नागपुरात जुळवलं जाणार आहे. फाल्कनची जुळणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ असेल, आणि पहिलं उड्डाण २०२८पर्यंत अपेक्षित आहे. विदर्भातल्या आयटीआयमधून निघालेली मुलं-मुली उद्या तिथं रिव्हेट गन हातात घेतील. मंदीच्या वर्षात त्यांचं काय करायचं, याचा करार राज्य सरकारनं आणि कामगार संघटनांनी मागणी तेजीत असतानाच कंपनीकडून लिहून घ्यावा.